कोपऱ्यावरचा इराणी

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

सकाळच्या सत्रातील शेवटचे व्याख्यान बारा वाजण्याच्या आत संपते. संध्याकाळची शिकवणी घेणाऱ्या किंवा अर्धवेळ नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यानंतर तीन-साडेतीन तास कोठे तरी काढावे लागतात. घर उपनगराच्या टोकाला असले तर जाऊन परत येण्यात अर्थ नसतो. वाचनालयात परीक्षेच्या दिवसांत खुर्ची मिळत नाही. बागेतल्या बाकावर मुलीने एकटीने पुस्तक उघडून बसणे किती सुखाचे असते, ते निदान विद्यार्थिनींना तरी सांगायला नको. काचेच्या दारांच्या नव्या थंडगार कॅफेत जावे, तर तेथील एका कॉफीच्या पैशांत माझा आठवड्याचा बसप्रवास होतो.

तेव्हा हवे काय, तर जेथे एक चहा घेऊन तासभर बसता येईल, खाणे साधे पण ताजे असेल, आणि "आणखी काय आणू?" असे कोणी दर पाच मिनिटांनी येऊन विचारणार नाही, असे ठिकाण. जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात बाहेरून आलेल्या कोणत्या ना कोणत्या लोकांनी ही सोय केलेली दिसते. न्यूयॉर्कमध्ये ते काम ग्रीसमधून आलेल्या कुटुंबांनी केले, मुंबईत इराणातून आलेल्यांनी. इराण्याच्या हॉटेलावर आजवर गहिवरून पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा हेतू तसा नाही. चांगले आणि परवडणारे जुने इराणी हॉटेल आज कसे शोधावे, एवढेच येथे सांगायचे आहे. परंतु ते सांगायचे तर ही हॉटेले मुळात स्वस्त का होती, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. इराणी आणि पारशी एकच, असा आपला समज असतो. दोघेही जरथुष्ट्राचे अनुयायी हे खरे. पण पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, गुजराती बोलू लागले आणि इंग्रजी अमदानीत व्यापारात पुढे गेले. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आले, आणि तेही प्रामुख्याने यझ्द व केरमान या भागांतून. तेथे त्यांना जिझिया कर भरावा लागे व इतरही जाच सोसावा लागे. त्यांची स्थिती पाहण्यासाठी मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे पाठविले. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली हा कर रद्द झाला. मध्यंतरी १८७१-७२ च्या सुमारास इराणात मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा इराणी म्हणजे पोट भरण्यासाठी मुंबईस आलेला खेडूत. आमच्या आजोबांसारखाच, फक्त अधिक दुरून. हॉटेलवाल्या इराण्यांत शिया मुसलमानही होते, हेही ध्यानात ठेवावे.

या माणसांजवळ भांडवल थोडे होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सर्वजण सांगतात. असेलही. पण कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, दोन्हीकडून उजेड आणि वारा येतो, हे कळायला शकुन-अपशकुन लागत नाही. जागा पटकावली की दाराशी गल्ला मांडायचा, त्यावर बिस्किटांच्या काचेच्या बरण्या ठेवायच्या, आत संगमरवरी फरश्यांची टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठमोठे आरसे. आरशांमुळे खोली मोठी दिसते हे झालेच, शिवाय गल्ल्यावरून न उठता मालकाला मागचे प्रत्येक टेबल दिसते! खुर्च्या-टेबलांचा खर्च एकदाच. संगमरवराला टेबलक्लॉथ लागत नाही, एक ओले फडके फिरवले की झाले. या सजावटीला आज लोक सौंदर्य म्हणून नावाजतात. मुळात ती काटकसर होती.

स्वस्ताईचे दुसरे कारण पदार्थांच्या यादीत आहे. यादी आखूड. पाव, मस्का, अंडी, खिमा, चहा, बिस्किटे. पाव आणि अंडे यांतूनच निम्मी यादी तयार होते. शिळे उरण्याचा संभव कमी, आचारी थोडे. अनेकांच्या स्वतःच्या भट्ट्या होत्या, म्हणजे पावावरचा नफा बाहेर जात नसे. उलट आसपासच्या वस्तीला पावाच्या लाद्या विकून मिळकत होई. कित्येक हॉटेलांना लागून किराणा-वस्तूंचे छोटे दुकानही असे. साबण, काड्यापेटी, दाढीची पाती तेथेच मिळत. चहात सुटणारा पैसा अल्प, पण गिऱ्हाईक पहाटेपासून रात्रीपर्यंत अखंड.

तिसरे कारण भाड्याचे, आणि मला वाटते तेच सर्वांत मोठे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. चहाचा दर वाढत गेला, दळणवळण वाढले, शहराच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, पण कोपऱ्यावरच्या इराण्याचे भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातही जुन्या भाडेकरूंना बरेचसे संरक्षण राहिले. एका कपावर तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक उठवीत नसे, याचे श्रेय आपण त्याच्या दिलदारपणाला देतो. दिलदारपणा असेलच. पण ज्याला दर चौरस फुटामागे आजच्या दराने भाडे मोजावे लागते, त्याला दिलदार होणे परवडत नाही, हेही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मान्य करावे.

आता थोडे विषयांतर करते. माझे आजोबा १९६६ साली सातारा जिल्ह्यातून मुंबईस येऊन गिरणीत लागले. लालबागच्या एका गाळ्यात ते व गावाकडची इतर माणसे पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकट्यांवर दुसरी. दोन वेळचे जेवण खाणावळीत. त्या काळच्या खाणावळी बहुधा गावावरून आणि जातीवरून चालत. आपल्या माणसाच्या खाणावळीत आपल्या माणसाने जायचे. इराणी मात्र सर्वांचा. एकाच बाकावर नसेल, पण शेजारच्या टेबलावर वकील बसे, कारकून बसे, टांगेवाला आणि गोदी कामगारही बसे. आजोबा म्हणतात, "तिथं नाव विचारत नव्हते, मग आडनाव कशाला विचारतील?"

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली, जी मला कोणत्याच लेखात वाचायला मिळाली नाही. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते. बोर्ड वाचता येत नाही, बिल वाचता येत नाही, अशा माणसाला हॉटेलात शिरायची भीती वाटते. इराण्याकडे ही भीती नव्हती. पदार्थ बरण्यांत आणि काचेच्या कपाटात डोळ्यांसमोर असत, बोट दाखवायचे. बिल कागदावर नसे. गिऱ्हाईक उठले की वेटर जागेवरूनच ओरडून गल्ल्यावर आकडा सांगे, आणि दाराशी तेवढे पैसे ठेवून बाहेर पडायचे. शिकलेल्या माणसाला ही आरोळी गमतीची वाटते. मला ती तशी वाटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. इंग्रजीतून छापलेले, गुळगुळीत कागदाचे मेन्यूकार्ड हाती आले की अजूनही माझे लक्ष आधी उजव्या बाजूच्या आकड्यांकडे जाते.

असो. ही हॉटेले कधी काळी शेकड्यांनी होती, आज फार थोडी उरली आहेत. कारणे एकाहून अधिक आहेत. अनेक हॉटेले भागीदारीत चालत. भागीदारांची मुले शिकून डॉक्टर-इंजिनियर झाली, परदेशी गेली. गल्ल्यावर पहाटे पाचला येऊन बसण्यास कोणी तयार होईना. इमारती जुन्या होऊन पुनर्बांधणीस निघाल्या. उडुपी हॉटेलांनी इडली-डोसा आणला, तोही झटपट आणि स्वस्त, शिवाय शाकाहारी. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातला एकटा राहणारा कामगार हळूहळू नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर पहाटेच्या चहाचे गिऱ्हाईकही. अलीकडची अडचण भट्टीची. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवा शुद्ध हवी यात वाद नाही. पण जुनी भट्टी मोडून नवी बांधायचा खर्च शेवटी पावाच्या लादीवरच येणार.

गंमत अशी, की इकडे ही हॉटेले बंद पडत असताना तिकडे २०१० साली लंडनमध्ये मुंबईच्या इराणी कॅफेच्या धर्तीवर 'डिशूम' नावाचे उपाहारगृह निघाले आणि त्याच्या पुढे शाखाही झाल्या. तशा खुर्च्या, तसे आरसे. आपल्याकडेही आता जुन्या पाट्या आणि चौकटीच्या फरश्या मांडून नवी महागडी हॉटेले निघतात. म्हणून शोध घेताना पहिला नियम हा: सजावटीवर जाऊ नये. खुर्ची विकत मिळते.

मग कशावर जावे? माझ्या मते सर्वांत विश्वासू खूण म्हणजे सकाळी सात ते नऊ या वेळात तेथे कोण बसले आहे. रात्रपाळी संपवून आलेला पहारेकरी, टॅक्सीवाला, वर्तमानपत्र आलटून-पालटून वाचणारे दोन-तीन म्हातारे, असे गिऱ्हाईक दिसले तर दर आवाक्यातले आहेत आणि चहा बरा आहे हे समजावे. कारण ही माणसे वाईट चहाला दुसऱ्या दिवशी येत नाहीत. याउलट सर्वजण बशीचे छायाचित्र काढीत असतील तर बाहेरूनच नमस्कार करावा. मोबाईलवरच्या नकाशात ज्याला अधिक तारे, तेथे पर्यटक अधिक, एवढाच त्या ताऱ्यांचा अर्थ असतो. तारे देणारा आणि रोज चहा पिणारा हे दोन वेगळे प्राणी आहेत.

दुसरी खूण, पैसे कोठे घेतात. दाराशी गल्ल्यावर, मालक किंवा त्याच्या विश्वासातला माणूस रोख मोजून घेत असेल तर घर जुने आहे. तिसरी खूण पावाची. बरणीतली खारी आणि कपाटातला ब्रून आतल्या किंवा शेजारच्या भट्टीतला आहे का, ते विचारावे. सांगायला त्यांना आनंदच वाटतो. पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेरून येत असेल तर तेथे इराणीपण फक्त पाटीवर उरले आहे. चौथी गोष्ट खूण नव्हे, सावधगिरी आहे, आणि ती विशेषतः मुलींसाठी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चहावर भागेना म्हणून पुष्कळ इराण्यांनी बिअर विकण्याचा परवाना घेतला. पाटीवर 'कॅफे' किंवा 'रेस्टॉरंट अँड स्टोअर्स' तसेच राहिले, आत परमिट रूम झाली. तेव्हा बाहेर उभे राहून टेबलांवर बशा आहेत की बाटल्या, हे पाहूनच पायरी चढावी. जुन्या इराण्याकडे बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी 'फॅमिली रूम' असे, बहुधा मागच्या बाजूस किंवा पोटमाळ्यावर. जेथे ती अद्याप आहे आणि तिचा उपयोग अडगळीसाठी झालेला नाही, तेथे मुलीने एकटीने बसून नोट्स काढाव्यात, कोणी मान वर करून पाहत नाही. पडद्यामागे बसविणे ही काही स्वातंत्र्याची खूण नव्हे, हे मला कळते. पण दोन तास निवांत मिळतात हेही खोटे नाही.

प्रसिद्ध नावांविषयी चार शब्द. धोबीतलावजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर कयानी आहे, स्थापना १९०४. तेथून जवळच ससानियन, १९१३ चे. फोर्टात १९३३ चे कॅफे मिलिटरी, माटुंग्याला किंग्ज सर्कलवर १९३२ चे कुलर. पुण्याला डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ च्या ब्रिटानियाचे नाव सर्वांत मोठे, आणि तेथील बेरी पुलाव खरोखरच गाजलेला आहे. पण तो दुपारच्या जेवणाचा, आणि विद्यार्थ्याने पहिल्या पगाराच्या दिवशी खाण्याचा पदार्थ आहे. आपल्या कामाचे ते नव्हे. कयानीसमोरचे बस्तानी केव्हाच बंद झाले. निसीम इझिकेल यांनी तेथील सूचनाफलकावरून इंग्रजीत केलेली कविता प्रसिद्ध आहे. हे करू नये, ते करू नये, अशा सूचना इराण्याकडे असत खऱ्या, पण 'जास्त वेळ बसू नये' ही सूचना जेथे कसोशीने पाळली जाते तेथे आपण पुन्हा जाऊ नये. नामांकित ठिकाणे पाहून घ्यावीत, डोळा तयार होतो. मग आपल्या स्टेशनाजवळचा बिननावाचा इराणी ओळखणे सोपे जाते. जुनी वस्ती, स्टेशन अथवा बाजार, आणि चार रस्त्यांचा कोपरा, या तीन गोष्टी जुळतील तेथे शोधावे. नवीन उपनगरांत शोधण्यात वेळ घालवू नये. तेथे जुने भाडे नाही, म्हणून जुना इराणीही नाही.

काय मागावे, याविषयी थोडेसे. बन मऊ आणि किंचित गोड असतो, त्यात कधी बेदाणे. ब्रून म्हणजे कडक सालीचा पाव. दोन्हींत मस्का भरपूर लावतात. ब्रून नुसता चावू नये, हिरड्या सोलतात; चहात बुडवून खावा, तो त्यासाठीच कडक भाजलेला असतो. 'पानी कम' म्हटले की दूध अधिक, पाणी थोडे असा दाट चहा येतो. दर थोडा अधिक पडतो, पण पोटाला आधार होतो. भूक मोठी असेल तर आम्लेट-पाव किंवा खिमा-पाव. खिमा सकाळी उशिरा मागावा, तोपर्यंत तो मुरलेला असतो. मावा केक बहुतेक ठिकाणी सकाळीच संपतो, दुपारी विचारून मन खट्टू करून घेऊ नये. शाकाहारी विद्यार्थ्याला येथे बनमस्का, खारी आणि चहा यापलीकडे फारसे काही नाही. त्याने जेवणासाठी माटुंग्याच्या स्टेशनाजवळ १९४२ पासून चालत आलेल्या रामा नायकांच्या उडुपीची वाट धरावी. केळीच्या पानावरचे ते जेवण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बसण्याचीही एक रीत आहे. साडेबारा ते दोन ही जेवणाची वेळ. या वेळात पुस्तके पसरून टेबल अडवू नये. मालक काही बोलणार नाही, पण ज्याची सुट्टी अर्ध्या तासाची आहे असा कारकून उभा राहील. दोननंतर हॉटेल रिकामे होऊ लागते, तेव्हा जावे. तासाला एक चहा मागवावा, म्हणजे आपणही ताठ मानेने बसतो. वेटरला नाव विचारून नावाने हाक मारावी. 'ए' म्हणू नये, तो बहुधा आपल्या वडिलांच्या वयाचा असतो. चारच्या सुमारास पुन्हा चहाची गर्दी सुरू होते, तोवर दोन प्रकरणे सहज वाचून होतात. दाराजवळचे टेबल उजेडासाठी उत्तम. पंख्याच्या बरोबर खालचे घेऊ नये, वहीची सुटी पाने उडतात आणि शेजारच्याच्या चहात पडतात.